लग्नाची सही आणि अर्धा वाटा

गोव्यातलं जमिनीचं एखादं विक्रीखत वाचून बघा. विकणाऱ्याच्या नावामागोमाग 'व त्यांची पत्नी' असतंच. जमीन त्याला वडिलांकडून आलेली असो, तिने ती कधी पाहिलीही नसो, तिची सही लागते. कारण लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मिळकत एकत्र होते आणि त्यात प्रत्येकाचा निम्मा हिस्सा धरला जातो. घटस्फोट झाला की मग 'तिला काही द्यायचं का' हा प्रश्नच उरत नाही. उरते ती फक्त वाटणी.

ही तरतूद पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेतली. १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. संहितेत घटस्फोट मात्र नव्हता. तो आला राज्यक्रांतीतून: ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजेशाही गेली आणि महिनाही व्हायच्या आत, ३ नोव्हेंबरला, प्रजासत्ताकाने घटस्फोटाचं फर्मान काढलं. बायकोचा व्यभिचार आणि नवऱ्याचा व्यभिचार, दोन्ही कारणं त्यात बरोबरीने मांडली होती. परस्पर संमतीने वेगळं होण्याची सोयही होती. गरज असेल तर दोघांपैकी कुणीही पोटगी मागू शकत होतं.

सीमेपलीकडे तेव्हा काय होतं? अनेक जातींत काडीमोड रूढीने चालायची, पण उच्चवर्णीय हिंदू बाईला सुटकाच नव्हती. मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला तो १९४७ मध्ये, देशाने १९५५ मध्ये. परस्पर संमतीची वाट तर १९७६ ला उघडली. आणि नवऱ्याच्या नावावरच्या घरात घटस्फोटितेला आपोआप मालकी महाराष्ट्रात आजही मिळत नाही. तिने पोटगीसाठी अर्ज करायचा.

म्हणून 'समान नागरी कायदा' म्हणत गोव्याच्या कायद्याचे गोडवे गायले जातात. थोडं थांबायला हवं. निम्मा हिस्सा तिचा, पण कारभार बघायचा नवऱ्याने, हेही त्याच संहितेत लिहिलंय. हिंदूंच्या चालीरीतींची १८८० ची वेगळी संहिता होती. बायकोच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नाही, किंवा तिसाव्यापर्यंत मुलगा नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा त्या संहितेत होती. १९४० मध्ये पोर्तुगालने व्हॅटिकनशी करार केला आणि तिथे चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिकांना घटस्फोटाचा दरवाजा बंद झाला. त्याची सावली गोव्यावरही पडली. 'समान' हा शब्द इतका सरळ नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. गंमत अशी की पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता केली, जुनी उरली ती इथे. वारसा आणि वाटणीचा भाग गोवा विधानसभेने २०१२ च्या कायद्यात आणला, अंमल २०१६ पासून. घटस्फोटानंतरची मिळकत आता त्यातल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेतून वाटली जाते: घर, बागायत, दागिने, कर्ज, सगळ्याची यादी करायची, किंमत ठरवायची, मग हिस्से पाडायचे. मुलांच्या ताब्याबाबत न्यायालयं इतर ठिकाणांसारखीच मुलाचं हित बघतात.

हा निम्मा हिस्सा आयकर खात्यालाही मानावा लागला. १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ मध्ये कलम ५ए घातलं गेलं, तेही १९६३ पासून लागू धरून. या संहितेखालच्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं धरायचं, असं त्यात ठरवलं गेलं. घरभाडं एकाच्या खात्यात येतं, विवरणपत्रं दोन भरली जातात.

आणि हे गोव्याच्या हद्दीत संपत नाही. एका गोवेकराच्या मुंबईतल्या मालमत्तेच्या वारशाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये निकाल लागला: मालमत्ता मुंबईत असली तरी त्या वारशाला गोव्याचाच कायदा लागेल.