पाऊसमान वेगळे, पाणी वेगळे: स्वयंपूर्ण राहणीसाठी तालुका पारखताना

शहर सोडून एखाद्या ग्रामीण तालुक्यात घर करावे, धान्य आणि भाजीपाला होईल तेवढा स्वतः पिकवावा, आणि वीज, रस्ता किंवा बाजार काही आठवडे बंद पडला तरी कुटुंबाचे अडू नये, अशा विचाराने जमीन शोधणारे लोक तालुक्याची पहिली पारख बहुधा पावसाच्या आकड्यावरून करतात. तो आकडा सहज मिळतो. परंतु पाऊसमान म्हणजे आभाळातून किती पडले आणि पाणी म्हणजे वैशाखात हाताशी किती उरले. या दोहोंची गल्लत झाली की जागेची निवडच फसते, आणि घर बांधून झाल्यावर ती चूक निस्तरणे फार जड जाते.

पालघर जिल्ह्यातील मोखाडा आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर या दोन्ही तालुक्यांत वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तरीही एप्रिल-मे महिन्यांत येथील अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मोखाड्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि ते गाव टँकरवाचून राहते. पोपटराव पवार १९८९च्या सुमारास सरपंच झाल्यावर तेथे चर खोदले गेले, बांध घातले गेले, चराई आणि कुऱ्हाड बंद झाली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यानुसार पिके ठरवते आणि शेतीसाठी बोअर घेत नाही.

हा उलटा हिशेब समजून घ्यायचा तर जमिनीच्या पोटात पाहावे लागते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकावर आहे. या खडकाच्या अखंड थरात पाणी मुरत नाही. ते साठते फक्त वरच्या मुरमात आणि फटी-भेगांत. घाटाच्या पायथ्याशी उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ असल्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळलेले पाणी ओढ्या-नद्यांतून समुद्र गाठते. दक्षिण कोकणातील जांभा सच्छिद्र असतो, त्यात पाणी लगेच मुरते, पण तितक्याच लगबगीने खालच्या झऱ्यांतून निघूनही जाते. पाऊस भरपूर, पण त्याला धरून ठेवणारे भांडे गळके, अशी ती स्थिती असते.

म्हणून जमीन पाहायला ऑगस्टमध्ये जाऊ नये. त्या दिवसांत सगळेच तालुके सुंदर दिसतात. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहाटे गावच्या विहिरीवर जावे आणि कठड्यावरून आत वाकून पाहावे. पावसाळ्यातली पातळी जिथे होती तिथे शेवाळाचा वाळलेला काळपट पट्टा दिसतो. त्याच्या खाली किती परस (एक परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली) उतरल्यावर पाणी लागते, हे मोजावे. तळाशी उतरलेली बाई वाटीने हंडा भरत असेल आणि वर दहा-बारा हंडे नंबर लावून ठेवलेले असतील, तर पर्जन्याचा कोणताही तक्ता पाहण्याची गरज उरत नाही. उपसल्यावर विहीर पुन्हा किती वेळाने भरते, हा प्रश्न त्या बायकांनाच विचारावा, कारण त्याचे खरे उत्तर त्यांच्याकडेच असते.

कोकणात आगोटीची बेगमी करण्याची जुनी रीत आहे. पाऊस लागण्यापूर्वी लाकूडफाटा, सुकी मासळी आणि डाळी-मसाले भरून ठेवले जातात. ही बेगमी पावसाच्या चार महिन्यांसाठी असते. पाण्याची बेगमी मात्र पुढच्या आठ महिन्यांसाठी करावी लागते, आणि तिचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या छपरावर ५०० मिलिमीटर पावसात, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी, ३७,००० लिटर पाणी जमते. पाच माणसांना पिण्यास आणि स्वयंपाकास रोज ४० लिटर लागले, तर २४० दिवसांना ९,६०० लिटर पुरतात. दरडोई ५५ लिटर धरून सर्व वापर मोजला, तर मात्र ६६,००० लिटर लागतात. दुष्काळी तालुक्यातले छप्परही पिण्याच्या पाण्यापुरते समर्थ असते. आणि २,५०० मिलिमीटर पावसाच्या गावात केवळ हजार लिटरची टाकी असेल, तर पाऊस थांबल्यावर ती सगळ्या वापराला चार दिवसही पुरत नाही.

सरकारी कागदातही एक फसवा शब्द आहे, तो म्हणजे ‘सुरक्षित’. भूजलाच्या मूल्यांकनात वार्षिक उपलब्ध भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असलेले क्षेत्र सुरक्षित गणले जाते. म्हणजे हा शब्द उपशाबद्दल बोलतो, मे महिन्यातल्या पाण्याबद्दल नाही. जिथे मुळात उपसण्यासारखे फारसे काही साठतच नाही, तो तालुकाही या वर्गात बसू शकतो. त्याऐवजी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते, त्या नोंदी मागाव्यात आणि ऑक्टोबर व मे यांतील फरक पाहावा.

जिल्ह्याच्या सरासरीवर तर मुळीच विसंबू नये. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुका ५०० च्या आसपास अडखळतो.

पाऊस आणि साठा यांची जोड जमलेली जागा पाहायची असेल, तर भंडारा-गोंदियाकडे जावे. तेथील माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले, तलाव कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधले आणि आजही त्यांवर भातशेती होते. पण अशा ठिकाणीही तलावातला गाळ शेवटचा कधी काढला आणि पाण्याची पाळी कोण ठरवते, हे विचारून घ्यावे. याउलट लातूरला सरासरी पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटर, तरी एप्रिल २०१६ मध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पडलेले पाणी भोवतालची पिकेही ओढतात, म्हणून शेजारच्या शिवारात कोणते पीक उभे आहे, हे आपल्या विहिरीच्या खोलीइतकेच महत्त्वाचे असते. विहीर सामाईक असेल, तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आपला हिस्सा लिहिलेला आहे की नाही, हे इसार देण्याआधी तलाठ्याकडे जाऊन वाचावे.