सावळ्या चेहऱ्यावरचा रोझेशिया: पार्श्वभूमी

एप्रिलमध्ये तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत खरड छाटणी सुरू होते. उन्हात दिवस काढणाऱ्या चाळिशीच्या बाईचे गाल पेटल्यासारखे होतात, नाकाभोवती बारीक पुटकुळ्या येतात. घरचं निदान ठरलेलं असतं: उष्णता झाली. मग सब्जा, ताक आणि वर हळदीचा लेप. सांगलीत हळदीला कोण नाही म्हणणार! इथवर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या पायरीला, मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं.

हा आजार, म्हणजे चेहऱ्याची कातडी वारंवार लाल करणारा आणि पुटकुळ्या आणणारा रोझेशिया, नवा नाही. चौदाव्या शतकात गी द शोलियाक या फ्रेंच शल्यविशारदानं चेहऱ्यावरच्या अशा लालीचं वर्णन केलं होतं. 1490च्या सुमारास गिर्लांदायोनं रंगवलेल्या आजोबा-नातवाच्या चित्रात आजोबांचं नाक फुगीर, गाठाळ आहे. रोझेशिया वाढला की काहींचं, विशेषतः पुरुषांचं, नाक असं होतं. अशा नाकाच्या माणसाला युरोपात शतकानुशतके दारुडा म्हणत आले. दारूनं लाली भडकते हे खरं, पण थेंबही न घेणाऱ्यांना हा आजार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या थॉमस बेटमननं त्याला मुरमांच्या खात्यात टाकलं. ते नातं इतकं चिकटलं, की आजही मुरमांची झोंबणारी औषधं या नाजूक कातडीवर बिनदिक्कत लावली जातात.

आपल्याकडे अडचण वेगळीच झाली. सगळी वर्णनं गोऱ्या कातडीवरून लिहिलेली, आणि मुख्य खूण काय, तर लाली. सावळ्या गालावर ती तपकिरी किंवा काळपट दिसते, कधी दिसतच नाही. मग त्याला वांग म्हणतात, नाहीतर मुरूम. अशा चेहऱ्यावर रंगापेक्षा रुग्णाला काय जाणवतं याला मोल आहे: तोंड तापणं, आग होणं, साधा साबणही झोंबणं. 2002 साली अमेरिकेत या आजाराचे चार ठरीव प्रकार पाडले होते. 2017मध्ये ती चौकट सोडून प्रत्येक रुग्णात दिसणाऱ्या लक्षणांवर भर दिला गेला. माझ्या मते हा बदल आपल्या रुग्णांना जास्त उपयोगी आहे.

आता ट्यूबची गोष्ट. 1952मध्ये कातडीवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध, आलं, पुढे त्याहून कितीतरी तीव्र स्टिरॉइड मलमं आली. ती लावली की दोन दिवसांत चेहरा निवळतो, म्हणूनच ती घातक. महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि रोझेशियासारखाच चेहरा तयार होतो. ट्यूब थांबवली की आणखी भडका, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. ‘गोरं करणारं क्रीम’ म्हणून शेजारणीकडून शेजारणीकडे जाणाऱ्या ट्यूबांत हेच असतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला 2008मध्ये स्वतंत्र नाव दिलं. 2018मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत गेली. यादीत जाणं वेगळं आणि काउंटरवर नकार मिळणं वेगळं, हे सांगलीकराला सांगायला नको.

कारणांचा उलगडा गेल्या वीसेक वर्षांतला. 2007च्या एका संशोधनात दिसलं, की या रुग्णांच्या कातडीतली संरक्षक प्रथिनं नको इतकी आणि बदललेल्या रूपात काम करतात. शिवाय केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे, जे सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतात, इथे जास्त सापडतात. त्यावर आयव्हरमेक्टिनचं क्रीम अमेरिकेत 2014मध्ये मंजूर झालं. जत-आटपाडीच्या मेंढपाळांना हे औषध मेंढरांच्या जंतांसाठी ठाऊक आहे. पण गोठ्यातल्या बाटलीतलं औषध चेहऱ्याला लावू नये, माणसाचं क्रीम वेगळं असतं. मेट्रोनिडाझोल, अझेलिक ॲसिड, पोटातून डॉक्सिसायक्लिन हेही वापरात आहेत. गरोदरपणात मात्र डॉक्सिसायक्लिन टाळतात.

आजार मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. ऊन हा पहिला वैरी, म्हणून डोक्यावर पदर किंवा टोपी आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. चुलीची धग, तिखट रस्सा, दारू, मनस्ताप यांतलं आपल्याला काय बाधतं ते ज्यानं त्यानं टिपून ठेवावं. चहा सोडायची सक्ती नाही: 1981च्या एका प्रयोगात कॉफीच्या गरमपणानं तोंड लाल झालं, कॅफिननं नाही. तेव्हा चहा जरा निवू द्यावा. ज्यांनी स्टिरॉइडची ट्यूब बरेच दिवस लावली आहे, त्यांनी ती कशी सोडायची हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं. आणि डोळे खुपत, लाल होत असतील, पापण्यांच्या कडा सुजत असतील, तर नेत्रतज्ज्ञाला गालांबद्दलही सांगावं. हा आजार डोळ्यांतही उतरतो, कधी गालांच्या आधीच.