पाहुण्या समर्थकांची तिकीटमर्यादा (फुटबॉल)

फुटबॉल सामन्यात पाहुण्या संघाच्या समर्थकांना जास्तीत जास्त किती तिकिटे द्यायची, याची यजमान क्लबाने किंवा स्पर्धेच्या नियमाने ठरवलेली सीमा. मुंबईतले फुटबॉलप्रेमी यासाठी ‘अवे तिकीट’, ‘अवे स्टँड’ हेच शब्द वापरतात. मर्यादा जवळजवळ प्रत्येक सामन्याला असते. पण एकाच शहरातल्या किंवा शेजारच्या दोन शहरांतल्या क्लबांचा सामना, म्हणजे डर्बी, असला की ती सर्वांत जास्त बोचते. लांबच्या गावाहून रजा टाकून, रात्रभर प्रवास करून मोजकीच माणसे येतात. शेजारच्या वस्तीतून मात्र सगळ्यांनाच यायचे असते. ज्या सामन्याला मागणी सर्वांत मोठी, त्यालाच पाहुण्यांची जागा सर्वांत तुटपुंजी, असा हा पेच आहे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील नियम सुटसुटीत आहे. पाहुण्या क्लबाला 3,000 तिकिटांचा हक्क. मैदानाची क्षमता 30,000 हून कमी असेल तर क्षमतेच्या 10 टक्के. सुमारे 74,000 आसनांच्या ओल्ड ट्रॅफर्डवर हे 3,000 लोक म्हणजे जेमतेम 4 टक्के होतात. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पाहुण्यांचा वाटा 15 टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे तीच डर्बी लीगमध्ये एक ऐकू येते आणि कपमध्ये दुसरीच. जानेवारी 2024 मध्ये एफए कपसाठी संडरलंडच्या मैदानावर शेजारच्या न्यूकॅसलचे सुमारे 6,000 समर्थक बसले होते, लीगच्या हक्काच्या दुप्पट. युरोपातील क्लब स्पर्धांसाठी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, किमान 5 टक्क्यांची अट घातली आहे. पाहुण्यांचे तिकीट 30 पौंडांहून महाग विकायचे नाही, हा प्रीमियर लीगचा 2016-17 पासूनचा निर्णय त्या देशातल्या समर्थकांनी भांडून मिळवला.

आकडा कशावरून ठरतो

नियमातला आकडा सगळ्यांना दिसतो, पण खरा आकडा मैदानाच्या बांधणीत दडलेला असतो. पाहुण्यांचा भाग वेगळा ठेवायचा तर त्याला स्वतंत्र दार हवे, स्वतंत्र स्वच्छतागृहे हवीत, चहापाण्याची सोय हवी आणि बस उभ्या राहतात तिथपासून दारापर्यंत यजमानांच्या गर्दीला न छेदणारी वाट हवी. त्याशिवाय दोन गटांच्या मध्ये रिकाम्या खुर्च्यांचा पट्टा सोडावा लागतो, त्यावर जाळी किंवा कापड अंथरतात. या पट्ट्यातल्या खुर्च्या कोणालाच विकता येत नाहीत. म्हणून पाहुण्यांना दिलेल्या प्रत्येक तिकिटामागे यजमानांची थोडी जास्तच जागा जाते, आणि स्टँडच्या रचनेत हा पट्टा जिथे नीट बसतो तिथे आकडा येऊन थांबतो. इंग्लंडमध्ये मैदानाचा सुरक्षा परवाना स्थानिक नगरपालिका देते. ती पोलिसांचे म्हणणे ऐकून नियमापेक्षाही कमी तिकिटांची अट घालू शकते. डर्बी दुपारी बारा-साडेबाराला ठेवण्यामागेही तेच डोके असते: सामन्याआधी दारू पिण्यात घालवायला वेळच उरू नये.

याचे सर्वांत कडक रूप वेल्समध्ये दिसते. कार्डिफ आणि स्वान्सी यांच्या सामन्यांत पाहुण्या समर्थकाला स्वतःच्या गाडीने किंवा रेल्वेने जाण्याची मुभा अनेक वर्षे नव्हती. ठरलेल्या ठिकाणाहून क्लबाच्या बसमध्ये बसायचे, पोलिसांच्या पहाऱ्यात मैदानावर उतरायचे आणि तसेच परत यायचे. याला तिकडे ‘बबल’ म्हणतात. स्टेडियमच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्यालाही आधी दुसऱ्या शहरात जाऊन बसमध्ये बसावे लागे.

वाटपाची रीतही समजून घ्यायला हवी. पाहुण्यांची तिकिटे यजमान क्लब थेट विकत नाही. गठ्ठा पाहुण्या क्लबाकडे जातो आणि तो क्लब आधीच्या परगावच्या दौऱ्यांचे गुण मोजून ती वाटतो. वर्षानुवर्षे पदरमोड करून संघामागे फिरलेल्यांना हा न्याय वाटतो, आणि तो आहेही. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या नव्या पोराला डर्बीचे तिकीट अशाने मिळतच नाही. मग तो यजमानांच्या स्टँडमधले तिकीट शोधतो. त्याला अडवण्यासाठी यजमान क्लब जुन्या खरेदीची नोंद किंवा सभासदत्व मागतो, आणि विरुद्ध रंगाचा शर्ट दिसला तर बाहेर काढतो. एका घरात बाप एका क्लबाचा आणि मुलगी दुसऱ्याची असली, तर त्या दोघांनी शेजारी बसून डर्बी पाहण्याची सोय या व्यवस्थेत नाही. लिव्हरपूल शहरात अशी घरे पुष्कळ. 1984 च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांचे समर्थक वेम्बलीवर एकमेकांत मिसळून बसले आणि दोघांनी मिळून ‘मर्सीसाइड’ या आपल्या भागाच्या नावाचा घोष केला. मर्यादा ही निसर्गाची अट नव्हे, याचा इतका मोठा पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

वेगळे बसवण्याचा इतिहास

1970 आणि 1980 च्या दशकांत इंग्लंडमधील मैदानांवर हाणामाऱ्या वाढल्या, तेव्हा समर्थकांना लोखंडी कुंपणांच्या कोंडवाड्यांत उभे करण्याची पद्धत पडली. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर याच कुंपणांपाशी माणसे चेंगरली. मृतांची अंतिम संख्या 97. त्या दिवशी मारामारी झाली नव्हती. गर्दी हाताळण्यात पोलिसांची चूक झाली होती, आणि एकमेकांपासून वाचवण्यासाठी उभारलेल्या कुंपणामुळे लोकांना मैदानात निसटता आले नाही. या दुर्घटनेच्या चौकशीच्या 1990 मधील टेलर अहवालानंतर वरच्या श्रेणीच्या मैदानांत कुंपणे गेली, सगळ्यांना खुर्च्या आल्या आणि प्रत्येक माणूस क्रमांकित आसनाला बांधला गेला. पाहुण्यांची संख्या इतकी नेमकी मोजणे त्यानंतरच शक्य झाले. वेगळे बसवणे म्हणजे सुरक्षा, असे सरसकट मानणाऱ्याने हिल्सबरो विसरू नये.

मर्यादेमागे दरवेळी सुरक्षाच असते असेही नाही. ग्लासगोच्या रेंजर्स आणि सेल्टिक यांच्या डर्बीत पाहुण्यांना अनेक वर्षे सुमारे 7,000 तिकिटे मिळत. गोलामागचा अख्खा स्टँड त्यांचा असे. 2018 मध्ये रेंजर्सने त्या जागा स्वतःच्या हंगामी तिकीटधारकांना विकल्या आणि सेल्टिकला सुमारे 800 वर आणले. सेल्टिकने लगेच तेवढीच कपात केली. पुढे पाहुण्यांना कोपऱ्यात नीट सुरक्षित बसवता येत नाही, यावरून वाद होऊन 2023-24 मध्ये या डर्ब्या पाहुण्यांविनाच झाल्या. 2025 च्या सुरुवातीपासून सुमारे 2,500 तिकिटांवर तडजोड झाली. हंगामी तिकिटाचे पैसे आधीच हातात पडतात, पाहुण्यांचे वर्षातून एक-दोनदा, हिशेब कळतो. पण ज्या आवाजासाठी त्या सामन्याची जगभर ख्याती, तो अर्धा आवाज त्या हिशेबात गेला.

पूर्ण बंदी

मर्यादेचे टोक म्हणजे शून्य. अर्जेंटिनात जून 2013 मध्ये ला प्लाता शहरात लानूस क्लबाच्या एका समर्थकाचा पोलिसांच्या रबरी गोळीने मृत्यू झाला आणि त्यानंतर पाहुण्या समर्थकांवर देशभर बंदी आली. खालच्या श्रेणींत ती आधीपासूनच होती. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात 2016 पासून मोठ्या क्लबांच्या डर्बींना एकाच बाजूचे समर्थक असतात. हॉलंडमध्ये आयाक्स आणि फेयेनूर्ड यांनी 2009 पासून एकमेकांच्या समर्थकांना बोलावणे थांबवले.

बंदीने दोन गट समोरासमोर येणे कमी होते, हे खरे आहे. त्यापलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा धरता येत नाही. 24 सप्टेंबर 2023 रोजी ॲमस्टरडॅममध्ये आयाक्स 0-3 ने मागे असताना आयाक्सच्याच प्रेक्षकांनी मैदानात फटाके फेकले आणि सामना थांबवावा लागला. स्टेडियममध्ये फेयेनूर्डचा एकही स्टँड नव्हता. अर्जेंटिनाचे क्लब बोका आणि रिव्हर यांच्यातील 2018 च्या लिबर्तादोरेस कप या दक्षिण अमेरिकी स्पर्धेच्या अंतिम लढतीतही पाहुण्यांना बंदीच होती. तरी बोकाच्या बसवर रस्त्यात हल्ला झाला आणि परतीचा सामना 9 डिसेंबरला अटलांटिकपलीकडे माद्रिदला न्यावा लागला. भांडण स्टेडियमच्या भिंतीबाहेर असेल, तर भिंतीच्या आतल्या खुर्च्या मोजून ते मिटत नाही.

मैदानच सामायिक असेल तर चित्र पालटते. मिलानच्या सान सिरोत इंटर आणि एसी मिलान, रोमच्या ऑलिंपिकोत रोमा आणि लाझिओ या जोड्या नांदतात; कागदावर पाहुणा कोणीही असो, ज्याचा त्याचा गोलामागचा स्टँड त्याच्याकडेच राहतो. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे तसेच आहे. तिथे मात्र ही शिस्त जीव गमावून आली. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर दोन्ही क्लबांचे लोक शेजारी शेजारी बसलेले असताना दंगा उसळला आणि 16 प्रेक्षक मरण पावले. त्यानंतर सॉल्ट लेकचे प्रचंड मैदान आले. तिथे 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला 1,31,781 प्रेक्षक होते. आणि ऑगस्ट 2024 मध्ये बंदोबस्ताच्या कारणाने डर्बी रद्द झाली, तेव्हा आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीसाठी न्याय मागायला दोन्ही क्लबांचे समर्थक त्याच स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले.

मुंबई

मुंबईत पाहुणा संघ बाहेरून येतो. त्याचे समर्थक बहुतेक इथलेच असतात. हे रोव्हर्स कपपासून चालत आले आहे. 1891 मध्ये सुरू झालेल्या त्या स्पर्धेसाठी कूपरेजवर कोलकात्याचे, हैदराबादचे, गोव्याचे संघ उतरत, आणि त्यांच्यासाठी घसा फोडणारे बंगाली किंवा गोवेकर लोकलने घरी जात. पुढे आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि 2007 मध्ये निघालेला मुंबई एफसी हे तिघे एकाच वेळी होते, आणि त्यांच्या आपसांतल्या सामन्यांत घरचा-पाहुणा हा भेद फक्त कागदावर असे. कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना मुंबई एफसीला घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले, तेव्हा पुणे एफसीशी गाठ पडली की यजमान मुंबईचा आणि गाव पुण्याचे, अशी उलटापालट होई.

खऱ्या अर्थाने प्रवास करून पाहण्याची डर्बी 2014 मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर (आयएसएल) आली. 18 ऑक्टोबर 2014 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटीने एफसी पुणे सिटीला 5-0 ने हरवले आणि आंद्रे मोरित्झने आयएसएलमधली पहिली हॅटट्रिक केली. पन्नास हजारांवर माणसे मावतील अशा त्या क्रिकेटच्या मैदानात पाहुण्यांना जागा किती द्यायची, हा प्रश्नच नव्हता. बालेवाडीही सोयीची: द्रुतगती मार्ग संपला की महामार्गालगतच संकुल, मुंबईची बस पुण्याच्या गर्दीत शिरतही नाही.

2016 मध्ये मुंबई सिटी अंधेरीत महापालिकेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातल्या मुंबई फुटबॉल अरेनावर आला. इथे जागा 7,000 च्या आसपास. इंग्लंडचा 10 टक्क्यांचा नियम लावला तर पाहुण्यांच्या वाट्याला 700 खुर्च्या येतात, आणि मधला रिकामा पट्टा धरला तर आणखी कमी. भोवती वीरा देसाई रोडवरच्या सोसायट्या, आणि येण्याजाण्याला आझाद नगरचे मेट्रो स्थानक. आत कितीही वेगळे बसवले तरी बाहेर पडल्यावर दोन्ही रंगांचे शर्ट एकाच जिन्यावर चढतात.

इटलीत सरकारी यंत्रणा धोकादायक सामन्यांची तिकिटे पाहुण्या क्लबाच्या प्रांतात राहणाऱ्यांना विकू देत नाही. ओळखपत्रावरचा पत्ता पाहिला की काम होते. ही युक्ती मुंबईत चालणार नाही. आयएसएलमधल्या केरळा ब्लास्टर्सच्या सामन्याला पिवळा शर्ट घालून येणाऱ्या मल्याळी माणसाच्या आधार कार्डावर डोंबिवली किंवा वाशी असते. 2014 ते 2018 या काळात तर सचिन तेंडुलकर ब्लास्टर्सचा सहमालक होता; वांद्र्यात वाढलेला सचिन समोरच्या संघाचा मालक असताना मुंबईकराने कुठल्या बाजूला बसायचे, हे पत्त्यावरून कसे ठरवणार? प्रस्तुत लेखकाच्या मते अंधेरीसारख्या लहान मैदानावर ढोल, झेंडे, घोषणा हव्या असलेल्यांसाठी दोन्ही बाजूंना एकेक स्टँड राखावा, आणि उरलेल्या भागात शर्टाचा रंग विचारूच नये. मित्राबरोबर, नवऱ्याबरोबर, ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर आलेल्या माणसाला दुसऱ्या दारी पाठवण्यात सुरक्षा नाही.

महाराष्ट्रात पाहुणा हा शब्दच लागू नसलेली डर्बी कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालीम मंडळांचे संघ भिडतात. मैदान एकच, गावही एकच, आणि ईर्ष्या पेठांची.

एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. तेव्हापासून गाडीने तीन-चार तासांत अंधेरी गाठतील असे प्रतिस्पर्धी समर्थक या लीगमध्ये राहिलेले नाहीत. त्यातल्या त्यात जवळचा एफसी गोवा. त्याच्या सामन्याला कोकण रेल्वेत रात्र काढून आलेल्यांच्या शेजारी वांद्रे-कलिन्याचे गोवेकर बसतात.