बस झालं, बस आली, बस!

ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलावर संध्याकाळी बसच्या रांगेत उभं राहिलं की भाषेचं शिक्षण फुकटात होतं. परवा माझ्या पुढे एक आजी आणि त्यांचा पाचेक वर्षांचा नातू होता. हातात वेफर्सचं पाकीट, आणि स्वारी रेलिंगला लोंबकळतेय. वाशीची गाडी लागली तशा आजी कडाडल्या, "बस झालं आता! बस आलीय बघ. चल, खिडकीत बस."

पोरगा मुकाट्याने जाऊन खिडकीत बसला. एका दमात तीनदा 'बस' ऐकूनही त्याला काही अडलं नाही. अडलं मला. तिन्हींचा उच्चार तोच, लिहायचे तर अक्षरं तीच, आणि तरी त्या तिघांचं मूळ गाव एक नाही. एक आला रोमहून, एक इराणातून, आणि तिसरा इथलाच, संस्कृत-प्राकृताच्या वाटेने झिजत आलेला.

आधी गाडीची बस, कारण तिची गोष्ट सगळ्यात विचित्र आहे.

फ्रान्समधल्या नांत शहरात १८२६च्या सुमारास स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाची पिठाची गिरणी होती. वाफेवर चालणारी. गिरणीचं गरम पाणी वाया जातं म्हणून त्याने शेजारी स्नानगृह काढलं आणि गिऱ्हाइकांना गावातून आणायला घोडागाडी सुरू केली. झालं असं, की लोक अंघोळीला न जाता गाडीतच चढू-उतरू लागले. बोद्री हुशार, त्याने अंघोळीचा नाद सोडून गाड्यांचा धंदा वाढवला. गाडीचं नाव पडलं 'ओम्निबुस', लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी'. (गाडी जिथे थांबायची तिथल्या ओम्नेस आडनावाच्या टोपीवाल्याच्या पाटीवरून हे नाव आलं, असंही सांगतात. गोष्ट फारच गोड आहे, म्हणून मी ती जरा लांबूनच बघतो.) ४ जुलै १८२९ला जॉर्ज शिलिबिअरने लंडनमध्ये तीन घोड्यांची ओम्निबस काढली. लंडनकरांना एवढा लांब शब्द कोण उच्चारणार? त्यांनी पुढचा भाग तोडला, मागचा ठेवला. बस. आपल्याकडे मुंबईत मोटारबस पहिल्यांदा धावली ती १५ जुलै १९२६ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट.

आता गंमत बघा. 'ओम्निबुस'मध्ये 'सर्व' हा अर्थ आहे 'ओम्नि'त. मग 'बुस' म्हणजे काय? काहीच नाही. तो नुसता विभक्तीचा प्रत्यय. चतुर्थी, अनेकवचन. शाळेत आपण 'स, ला, ते. स, ला, ना, ते' घोकलं, त्यातला 'ना' असतो ना, तोच. 'सर्वांना'मधलं 'सर्व' गाळलं आणि उरलेल्या 'ना'ला चार चाकं लावली, तसा हा प्रकार. 'ना आली', 'ना चुकली', 'नाचा पास काढला' असं आपण म्हणत बसलो असतो तर जसं झालं असतं, तसं इंग्रजांनी खरोखर केलं.

आणि हा प्रत्यय आपल्याला अनोळखी नाही. ज्यांनी आठवीत संस्कृत घेतलं होतं त्यांनी 'देवाय देवाभ्याम् देवेभ्यः' एका सुरात म्हटलेलं असेल. त्यातला शेवटचा 'भ्यः', म्हणजे मुळातला 'भ्यस्', हा लॅटिन 'बुस'चा सख्ख्या नात्यातला. ओम्निबुस म्हणजे अर्थाने आणि व्याकरणानेही 'सर्वेभ्यः'. कानाला 'भ्यस्' आणि 'बुस' थोडे जवळचे वाटतात खरे, पण नातं कानावर ठरत नाही. ते ठरतं नियमाने. संस्कृतात शब्दाच्या पोटात 'भ' असेल तिथे लॅटिनमध्ये 'ब' सापडतो. 'नभस्' तिकडे 'नेबुला' होतं (खगोलशास्त्रातला नेब्युला तो हाच), 'उभौ' तिकडे 'अम्बो'. शब्दाच्या सुरुवातीला तोच 'भ' लॅटिनमध्ये 'फ' होतो आणि इंग्रजीत 'ब': भ्राता, फ्रातेर, ब्रदर. असे बदल शब्दागणिक मर्जीने होत नाहीत, रांगेने होतात. म्हणून तर २ फेब्रुवारी १७८६ला कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, कदाचित आता नाहीशा झालेल्या मुळापासून निघाल्या असाव्यात असं सांगितलं, त्याचा पुढे नुसता अंदाज न राहता शास्त्र झालं.

जाता जाता: आपण 'बसला उशीर झाला' म्हणतो तेव्हा रोमन चतुर्थीला मराठी चतुर्थी जोडतो. प्रत्ययाला प्रत्यय. आणि बसचं अनेकवचन? विटेच्या विटा होतात, माळेच्या माळा होतात. बसच्या 'बसा' व्हायला हव्या होत्या. पण 'स्टँडवर चार बसा' म्हटलं तर चार माणसं खाली बसतील. म्हणूनच आपण गुपचूप इंग्रजांकडून 'बसेस' उचललं असावं, असा माझा आपला तर्क.

हा रोमन प्रत्यय रस्त्यावरच थांबला नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात पॅनल उघडून बघा, आत तांब्याची जाड पट्टी दिसेल. वायरमन तिला 'बसबार' म्हणतो. एकाच पट्टीवरून सगळ्यांना वीज, म्हणून ती मूळची 'ओम्निबस बार'. तिथून तो शब्द कॉम्प्युटरमध्ये शिरला: निरनिराळे भाग ज्या सामाईक मार्गाने एकमेकांशी बोलतात तो 'बस'. आणि यूएसबीचं लांब नाव 'युनिव्हर्सल सीरियल बस'. म्हणजे फोन चार्ज करताना आपण जी केबल खुपसतो तिच्या नावातला शेवटचा 'बी' हाही देवेभ्यःच्या कुळातला.

दुसरा 'बस', आज्ञार्थी. बसणे.

हा मूळचा 'उपविशति'. प्राकृतात शब्दाचे कोपरे झिजले, पुढचा 'उ' गळला, 'प' आणि 'व' एकमेकांत मुरून 'ब' झाला आणि जुन्या मराठीत 'बैसणे' उरलं. संतांच्या अभंगांत 'बैसोनि' पानोपानी भेटतं. पुढे 'बै'चा 'ब' झाला. हिंदीचं 'बैठना' त्याच घरातलं, पण ते 'उपविष्ट' या रूपावरून निघालं, म्हणून तिथे 'स' नाही, 'ठ' आहे. यातला 'विश्' म्हणजे आत शिरणे, वस्तीला येणे. प्रवेश, वैश्य त्याच्यावरूनच. ग्रीकांकडे याच मुळापासून घर या अर्थी 'ओइकोस' झाला आणि त्याच्यावरून इकॉनॉमी नि इकॉलॉजी. तेव्हा कोणी 'नुसता बसून असतो' असं म्हणालं तर तो अर्थव्यवस्थेच्या मुळाशी आहे, असं सांगायला हरकत नाही.

मराठीने या क्रियापदाला जितकं राबवलंय तितकं क्वचितच कुणाला राबवलं असेल. घसा बसतो, साडीची घडी बसते, गणपती बसतात, घट बसतात, पाठीत धपाटा बसतो, विश्वास बसत नाही, आणि नवी खिडकी बसवायला पाच हजार बसतात. 'शनिवारी बसू या' म्हणजे काय, हे तर लिहायलाच नको.

एक शंका इथे येते. हिंदीत 'बसना' म्हणजे वस्ती करणे. तो आपल्या बसण्याचा भाऊ का? नाही. तो 'वस्' धातूचा, म्हणजे आपल्या 'वसणे'चा. हिंदीने शब्दाच्या सुरुवातीच्या 'व'चा सर्रास 'ब' केला आणि मराठीने 'व' जपला. आपली वीस त्यांची बीस, आपला विंचू त्यांचा बिच्छू, आपलं वांगं त्यांचं बैंगन. ही जोडी लक्षात ठेवा, तिसऱ्या बसला लागणार आहे.

आजींचं 'बस झालं', आपल्या बोलीतलं 'बास'. याबद्दल आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा सिद्धांत आहे. ते म्हणतात, हा शब्द पोर्तुगिजांचा. ठाणं १७३७पर्यंत त्यांच्या ताब्यात होतं, वसई १७३९पर्यंत. पाव, बटाटा, चावी, पगार, बादली हे त्यांनीच दिले. आणि पोर्तुगीज भाषेत 'पुरे'ला म्हणतात 'बास्ता'. झालं की सिद्ध! काकांचा युक्तिवाद खरंच बांधेसूद आहे. यादीतले बाकीचे शब्द अगदी खरेही आहेत. फक्त 'बस' त्यात नाही.

कारण फारसीत 'पुरे' या अर्थी 'बस' पोर्तुगीज गलबतं इकडे लागायच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि बाजार, दरवाजा, हप्ता यांच्यासारखा तोही दख्खनच्या दरबारांतून आपल्याकडे उतरला. 'बास्ता'चं मूळ सहसा ग्रीक 'बास्ताझो'त शोधतात, म्हणजे ओझं वाहणे, पेलणे. फारसी बसचा माग मात्र दगडात कोरलेला सापडतो. इराणात केर्मानशाहजवळ बिसोतूनचा कडा आहे. तिथे सम्राट दारयवहूने, म्हणजे दरायसने, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या लढायांची हकीकत तीन भाषांत कोरून घेतली. माझ्या सैन्याने त्या बंडखोर सैन्याला फार मारलं, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. त्यातल्या 'फार'साठी शब्द आहे 'वसिय्'. आपण 'बेदम' म्हणतो तशा झोकात. मूळ अर्थ मात्र 'मनाला येईल तेवढं'. मनाजोगतं, म्हणून भरपूर. भरपूर, म्हणून पुरे. जेवणाच्या पंगतीत वाढप्याला हात आडवा करून आपण म्हणतो ते 'बस' या वाटेने आलंय.

आणि 'मनाजोगतं' म्हणजे कुणाच्या मनाजोगतं? संस्कृतात हाच शब्द 'वश' आहे: इच्छा, आणि मग सत्ता, ताबा. फारसीनेही पुढे शब्दाच्या सुरुवातीच्या 'व'चा 'ब' केला. आपला वात तिकडे 'बाद', आपली विंशति तिकडे 'बीस्त'. तसाच 'वसिय्'चा 'बस'. इकडे हिंदीने आपल्या परीने 'वश'चा 'बस' केला: 'यह मेरे बस की बात नहीं'. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली दोन भावंडं दोन वेगळ्या रस्त्यांनी, आपापल्या भाषेचे नियम पाळत, एकाच पोशाखात परत एकमेकांसमोर उभी राहिली. एक म्हणतंय 'पुरे', दुसरं म्हणतंय 'ताबा'. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत जास्त आवडतो. आपल्या मराठीत एकाच वाक्यात 'वश' आणि 'बास' शेजारी बसू शकतात आणि ओळखही दाखवत नाहीत.

बाहेरच्या जगात तर हा आवाज वाटेल ते काम करतो. तुर्की माणसाला 'बस' म्हणालात तर तो बटण दाबेल, कारण तुर्कीत त्याचा अर्थ 'दाब'. आयरिशमध्ये 'बास' म्हणजे मृत्यू. डच भाषेत 'बास' म्हणजे मालक. तो अमेरिकेत जाऊन 'बॉस' झाला आणि आपल्या रिक्षावाल्यांच्या तोंडी आला. पश्चिम जावातल्या सुंदा भाषेत 'बासा' म्हणजे भाषा; तो मात्र आपलाच, संस्कृत 'भाषा' जहाजाने गेलेली.

यात नवल फार नाही. हिशोब करा. एखाद्या भाषेत वीस व्यंजनं आणि पाच स्वर आहेत असं धरलं, तर व्यंजन-स्वर-व्यंजन अशा ठेंगण्या शब्दांचे साचे होतात वीस गुणिले पाच गुणिले वीस, म्हणजे फक्त २०००. जगात भाषा सुमारे सात हजार, आणि प्रत्येक भाषेला 'ये', 'जा', 'पुरे', 'डोकं' यांसाठी लहान शब्द लागतातच. मग टकरा होणारच. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', अर्थही तोच, तरी नातं शून्य. आणखी कमाल ऑस्ट्रेलियात झाली. क्वीन्सलँडमधल्या मबाबराम या आदिवासी भाषेचा अभ्यास करायला भाषावैज्ञानिक डिक्सन गेले, अल्बर्ट बेनेट या जाणत्याला त्यांनी कुत्र्याचा शब्द विचारला, आणि उत्तर आलं: 'डॉग'. इंग्रजीतून घेतला असेल असं कुणालाही वाटेल. पण शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला 'गुडागा' म्हणतात. मबाबरामने पहिलं अक्षर गाळलं, शेवट झिजवला, आणि जे उरलं ते योगायोगाने लंडनच्या कुत्र्यासारखं भुंकू लागलं. उपविशतिचा 'उ' गळून 'बस' उरावा, तसंच हे.

हे सगळं मी खिडकीतल्या त्या नातवाच्या मागच्या सीटवर बसून मनात जुळवत होतो. ऐरोलीच्या पुढे गाडी अचानक कडेला थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, मागे जाऊन वाकून आला आणि कंडक्टरला म्हणाला, "मागचा टायर बसला."

पोराने मान वळवून मागच्या सीट बघितल्या. "आजी, कुठे बसला?"

मागून येणाऱ्या बसमध्ये आम्हाला चढवलं. तिच्यात बसायला जागा नव्हती.