किल्डॉल्टन येथील चर्चचे अवशेष व कोरीव शिळा

किल्डॉल्टन : स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावरचे, पोर्ट एलन गावाच्या ईशान्येला असलेले पडीक मध्ययुगीन पॅरिश (स्थानिक धर्मविभागाचे) चर्च. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी बांधलेल्या या चर्चच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत, छप्पर राहिलेले नाही. इमारत साधी, लांबट आणि एकाच दालनाची आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती वापरात होती.

मात्र या जागेचा इतिहास इमारतीहून बराच जुना आहे. आवारातील दगडी क्रूस आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे चर्चहून सुमारे चारशे वर्षे आधीचा आहे. इथे तेव्हापासूनच धार्मिक वस्ती असावी, याचा सर्वांत ठळक पुरावा तोच. आयर्लंडहून आलेल्या ख्रिस्ती संन्यासी सेंट कोलंबाने ५६३ मध्ये जवळच्या आयोना बेटावर स्थापलेल्या मठाच्या क्रूसांशी त्याची शैली इतकी जुळते, की तो तिथल्याच परंपरेत घडलेल्या शिल्पकाराने कोरला असे अभ्यासक मानतात. त्याचा काळही या साम्यावरूनच ठरवला गेला.

क्रूस सुमारे २.६५ मी. उंच असून, भुजांना जोडणाऱ्या कड्यासह एकाच अखंड शिळेतून घडवला आहे. आयोनाचा सेंट जॉन क्रूस अनेक तुकडे जोडून उभारला होता आणि तो कोसळला, किल्डॉल्टनचा टिकला. दगड स्थानिक, निळसर राखाडी आणि अतिशय कठीण आहे. समुद्री वारा-पाऊस बाराशे वर्षे सोसूनही कोरीव काम ओळखू येते, ते या कठीणपणामुळे. पूर्वेकडील बाजूवर बाळ येशूला घेतलेली मरीया व तिच्या दोन्ही अंगांना देवदूत आहेत. भुजांवर बायबलमधील प्रसंग आहेत: भाऊ हाबेलला ठार मारणारा काइन, मुलगा इसहाकाचा बळी द्यायला निघालेला अब्राहाम आणि सिंहाशी झुंजणारा दावीद दिसतात. तिरप्या उन्हात या आकृती सर्वांत स्पष्ट होतात. पश्चिम बाजूवर माणसे नाहीत. तिथे फुगीर गोलक, वेटोळी आणि प्राणी आहेत. एकोणिसाव्या शतकात कललेला क्रूस उतरवून पुन्हा सरळ बसवण्यात आला.

पाहणाऱ्यांचे लक्ष क्रूसावरच खिळते, आणि त्यामुळे चर्चमधल्या व आवारातल्या थडग्यांच्या शिळांवर अन्याय होतो. चौदाव्या ते सोळाव्या शतकांत या भागात थडग्यांवरच्या कोरीव शिळांची स्वतंत्र शैली बहरली. तलवार, वेलपत्ती, गुंफलेले पट्टे, वल्ह्यांची गलबते आणि शिवणीचा जाड अंगरखा घातलेले सशस्त्र पुरुष हे तिचे नेहमीचे विषय. सागरी सत्ता गाजवणाऱ्या, आयलावरच्याच फिनलॅगन येथून कारभार पाहणाऱ्या ‘बेटांच्या अधिपतीं’चा हा काळ. १४९३ मध्ये त्यांचे अधिकार स्कॉटलंडच्या राजाने काढून घेतले, तरी स्थानिक घराण्यांनी ही परंपरा पुढे काही काळ चालू ठेवली. लेख नसलेल्या शिळांचा काळ शस्त्रे, पोशाख व नक्षीवरून ठरवतात. त्यामुळे एखाद्या शिरस्त्राणाची कडा किंवा तलवारीची मूठ झिजली, तर तेवढा पुरावाच गेला.

आवाराबाहेर मध्ययुगाच्या उत्तरकाळातला आणखी एक क्रूस आहे. तो ‘चोराचा क्रूस’ म्हणून ओळखला जातो.