निफाडची थंडी

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पडणारी कडाक्याची थंडी. महाराष्ट्राच्या सपाटीवरचे नीचांकी तापमान ज्या मोजक्या ठिकाणी नोंदले जाते, त्यांत निफाडचे नाव दर हिवाळ्यात येते. ‘निफाडचा पारा’ म्हणून वर्तमानपत्रात छापला जाणारा आकडा निफाड गावालगतच्या कुंदेवाडी येथील कृषी संशोधन केंद्रातला असतो. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे असून गव्हाच्या संशोधनासाठी ते ओळखले जाते. आकडा त्या आवारातल्या हवेचा आहे, अख्ख्या तालुक्याचा नव्हे. एकाच रात्री शेजारच्या दोन बागांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो आणि नुकसान कोणाचे होणार, हे त्या फरकावर ठरते.

भूगोल आणि थंडीची कारणे

निफाड २० अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, म्हणजे उष्ण कटिबंधातच. समुद्रसपाटीपासूनची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, नाशिक शहरापेक्षा थोडी कमीच. उंच गाव म्हणून थंड, हा हिशेब इथे लागू पडत नाही. इथली थंडी खोलगटपणाची आहे. पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला सातमाळ्याची रांग आणि मध्ये गोदावरी-कादवेचे पसरट खोरे. सूर्य मावळला की डोंगरउतारावरची हवा जमिनीला लागून गार होते, जड होते आणि ओढ्या-नाल्यांच्या वाटेने खाली सरकते. रात्रभर ती खोऱ्याच्या तळाशी साचत राहते. गोदावरी आणि कादवा यांचा संगम नांदूरमध्यमेश्वरला होतो; तिकडचा सखल, नदीकाठचा पट्टा म्हणूनच पहाटे सर्वांत गार असतो.

दुसरे कारण कोरड्या हवेचे. सह्याद्री समुद्राकडची दमट हवा अडवतो. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या निफाडला तो ५०० मिलिमीटरच्या घरात असतो. हवेतली वाफ आणि ढग जमिनीची उष्णता रात्री धरून ठेवतात. ही दोन्ही नसली की दिवसभर तापलेली जमीन उघड्या आकाशाकडे भराभर उष्णता सोडते. त्यामुळे दुपारी २७–२८ अंश आणि पहाटे ५–६ अंश, असा वीस अंशांहून मोठा फरक चोवीस तासांत पडतो. झाडाला नुसत्या गारठ्याइतकाच हा फरकही छळतो.

लाट येते तीही एका क्रमाने येते. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणारी ढगाळ-पावसाळी हवेची प्रणाली) आला की इकडे ढग येतात, रात्रीचा पारा चढून १४–१६ अंशांवर जातो आणि दव, धुई वाढते. तो पूर्वेकडे सरकला की आकाश निरभ्र होते, उत्तरेचे कोरडे वारे सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत पारा दहाच्या खाली येतो. वारा सुटलेल्या पहिल्या रात्री अंगाला बोचते खूप, पण वाऱ्याने हवा ढवळली जात असल्याने पिकाला धोका कमी असतो. धोक्याची असते ती पुढची रात्र, जेव्हा वारा पडतो, आकाश स्वच्छ असते आणि पान हलत नाही. बागाईतदाराने हीच रात्र ओळखायला शिकायचे असते.

मोजमाप

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वा अधिक घसरले, तर थंडीची लाट मानतात. घसरण ६.४ अंशांहून जास्त असेल तर तीव्र लाट. पारा सरळ ४ अंशांवर किंवा खाली गेला तर सरासरी न पाहताही लाट, आणि २ अंशांवर किंवा खाली गेला तर तीव्र लाट. २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीत पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. नाशिक शहराचा जुना नीचांक ७ जानेवारी १९४५ चा, ०.६ अंश.

हे तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेले असतात. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा आणि गवताचे पाते त्यापेक्षा तीन-चार अंशांनी गार असते. म्हणून पेटीत ३ अंश दाखवत असताना बाहेर गवतावर, गाडीच्या टपावर, ठिबकच्या नळीवर पांढरा थर दिसतो. तो बर्फ पडल्याचा पुरावा नाही; जागच्या जागी गोठलेले दहिवर आहे ते. हिमवर्षावाला ढग लागतात आणि ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्याच्या आसपास असावी लागते, तर निफाडची सर्वांत गार रात्र ही नेमकी बिनढगांची रात्र असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याकडे जे हिमकण दिसतात ते याच प्रकारचे. तिथेही गावात पारा बराच वर असताना तलावाचा सखल काठ पांढरा होतो. ‘निफाडला बर्फ पडला’ असे मथळे वाचून निघालेल्या पर्यटकाने हे लक्षात ठेवलेले बरे. पांढरा थर उन्हं अंगावर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात विरून जातो. गारपीट हा तर तिसराच प्रकार, उंच वादळी ढगांचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जिल्ह्याला झोडपले ते त्याने.

द्राक्षबागा

थंडीचा खरा हिशेब मांडला जातो तो द्राक्षबागेत. इथे वर्षात दोन छाटण्या होतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड्या बाराची, म्हणजे फळ छाटणी. माल साधारण ११० ते १३० दिवसांनी तोडीला येतो. थंडी सगळ्या बागांना सारखीच गाठते, पण बाग कोणत्या अवस्थेत आहे त्यावर इजा बदलते. म्हणून ‘थंडीत काय करावे’ याला एकच उत्तर देणारा सल्ला बहुधा अर्धा चुकतो.

उशिरा छाटलेल्या बागेत डिसेंबरअखेर कोवळे शेंडे आणि लहान मणी असतात. पारा दहाच्या खाली राहिला की पांढऱ्या मुळीचे (अन्न-पाणी शोषणाऱ्या कोवळ्या मुळांचे) काम मंदावते, पालाश आणि इतर अन्नद्रव्ये उचलली जात नाहीत, जीएचे डिपिंग (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणे) करूनही मणी हवा तसा फुगत नाही. अशा वेळी संजीवकाची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. वेलीची भूक मेलेली असते. दहिवर गोठण्याइतकी थंडी पडली तर शेंडे करपतात आणि पानांच्या कडा तपकिरी होतात.

मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरू लागण्याच्या, सुमाराला दोन संकटे असतात. पहिले मणी तडकण्याचे. रात्री गारठ्याने पानांतून बाष्प जात नाही, पण बोद (वेलीच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा) ओला असला तर मुळे पाणी ढकलत राहतात. मण्यातला दाब वाढतो आणि याच अवस्थेत सैलावत असलेली साल उभी चिरते. एका चिरलेल्या मण्याचा रस शेजारच्या मण्यांवर उतरतो, घड कुजू लागतो, माश्या धरतात. तडकलेले मणी त्याच दिवशी कात्रीने काढले नाहीत तर पुढे पूर्ण घड टाकावा लागतो.

दुसरे संकट पिंक बेरीचे. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका अशा हिरव्या जातींचे मणी दिवस-रात्रीच्या मोठ्या फरकाने गुलाबट होतात. चवीत वावगे काही नसते, पण निर्यातीच्या मालात तो घड चालत नाही. उपाय एकच, घडाला पेपर लावणे, आणि तो पाणी उतरायच्या आधीच. कागद घडाभोवती गुंडाळून वर टाचतात आणि खालचे तोंड मोकळे ठेवतात. त्याआधी भुरी (पांढरी बुरशी) आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) यांचा बंदोबस्त झालेला असावा आणि घड कोरडा असावा. ओल्या घडाला पेपर लावला तर आतल्या आत भुरी वाढते, आणि ती तोडीलाच दिसते. एकदा गुलाबी छटा आली की कागदाने ती जात नाही.

गोडी भरलेल्या घडाला गोठण्याची भीती कमी, कारण साखरेने रसाचा गोठणबिंदू उतरतो. त्याचे दुखणे निराळे: थंडीत साखर भरणे रेंगाळते, तोड लांबते आणि उत्तरेकडच्या बाजारात थंडी असेपर्यंत द्राक्षाला उठाव नसतो.

बचावाचे उपाय

पहिला उपाय पाण्याचा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी हिवाळ्यातही २४–२५ अंशांचे असते. एक लिटर पाणी २४ वरून ४ अंशांवर येताना २० किलोकॅलरी उष्णता सोडते. शिवाय ओली काळी जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सावकाश परत करते. म्हणून पाणी लाटेच्या आदल्या दिवशी सकाळी द्यावे, म्हणजे त्या ओलीत दिवसभराचे ऊन मुरते. मग पहाटे तीन-चारपासून थोडा वेळ पुन्हा ठिबक चालवावे. शेततळ्याचे पाणी यासाठी कमी कामाचे, ते स्वतःच रात्री गार झालेले असते. पाणी उतरण्याच्या अवस्थेतल्या बागेत मात्र हात आखडता घ्यायचा: दिवसाआड मोठे पाणी देण्यापेक्षा रोज थोडे द्यावे, नाहीतर थंडीपासून वाचवलेला माल तडकून जातो.

लाटेच्या दिवसांत रोटाव्हेटर किंवा कुळव घालू नये. भुसभुशीत मातीतल्या पोकळ्यांमुळे खालची उष्णता वर येत नाही. उसाच्या पाचटाचे आच्छादनही असेच वागते: मुळाशी ऊब राहते, पण घडाच्या उंचीवरची हवा अधिक गार होते. मुळी चालती ठेवायची असेल तिथे आच्छादन चांगले. शेंडे करपण्याची भीती असेल तिथे ओळींमधली जमीन उघडी, ओली आणि दाबलेली बरी.

शेकोट्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. धुराने बाग वाचते असे मानून ओला पालापाचोळा पेटवतात. धुराचे कण जमिनीतून जाणारी उष्णता अडवत नाहीत. काम करते ती आच आणि तिच्यामुळे ढवळली जाणारी हवा. एकरी दोन-चार मोठे जाळ केले तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी भोवतालची गार हवा ओढली जाते. त्याऐवजी छाटणीच्या वाळलेल्या काड्यांच्या पंचवीस-तीस लहान शेकोट्या, हवा ज्या बाजूने येते तिकडे जास्त, अशा लावाव्यात. सर्वांत नीच पारा सूर्योदयाच्या आसपास असतो आणि जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो; तेव्हा पहाटे चारला पेटवून उन्हं वेलीवर येईपर्यंत शेकोटी धगधगती राखायची. ठिबकच्या नळ्या आणि प्लॅस्टिकचे आच्छादन यांपासून जाळ लांब असावा.

या सगळ्याआधी स्वतःच्या बागेतला पारा माहीत हवा. कमाल-किमान तापमापक घडाच्या उंचीवर, वरून आकाश दिसणार नाही असा आडोसा करून, प्लॉटच्या सर्वांत सखल कोपऱ्यात लावावा. उघड्यावर टांगलेला तापमापक स्वतःच उष्णता सोडतो आणि हवेपेक्षा कमी दाखवतो. एका हंगामाच्या नोंदी कुंदेवाडीच्या आकड्याशेजारी मांडल्या की आपला कोपरा त्यापेक्षा किती खाली जातो ते कळते, आणि संध्याकाळच्या अंदाजावरून पहाटेची तयारी करता येते.

इतर पिके

गव्हाला ही थंडी मानवते. फुटवे वाढतात आणि दाणा भरायला वेळ मिळतो. कुंदेवाडीच्या केंद्राने दिलेल्या त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती या जातींची नावे महाराष्ट्रभर पेरणीत आहेत. बागायती गहू १५ नोव्हेंबरपर्यंत पेरावा. त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरतात, कारण थंडीचे दिवस तेवढे हातचे जातात. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येणाऱ्या उन्हाळ कांद्याची लागवड नेमकी या दिवसांत होते. रोप फार जून असेल आणि थंडी लांबली तर कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) येतात आणि तो साठवणुकीत टिकत नाही. हरभऱ्याची फुले गोठत्या दहिवराने गळतात.

माणसे आणि हिवाळा

निफाड हे नगरपंचायतीचे गाव, मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मस्थान (१८ जानेवारी १८४२). हिवाळ्यात बाहेरची माणसे येतात ती मुख्यतः नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांसाठी. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या बाजूंनी चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, क्रौंच पाहता येतात. धुई असली तर आठ-साडेआठपर्यंत काही दिसत नाही. फार पहाटे पोहोचून नुसते कुडकुडावे लागते.

थंडीचा भार सर्वांत जास्त वाहतात ते मजूर. पेठ, सुरगाणा, दिंडोरी आणि सीमेपलीकडच्या गुजरातमधल्या डांग भागातून आदिवासी कुटुंबे छाटणीपासून पेपर लावण्यापर्यंतच्या कामांना येतात आणि बागेच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत किंवा पालांत राहतात. पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि आतून त्यावर पाणी धरते. पत्र्याखाली पाचटाची किंवा जुन्या कागदी खोक्यांची अस्तरे लावली आणि जमिनीवर भुशाचा थर देऊन वर ताडपत्री अंथरली, तर झोपण्यापुरती ऊब राहते. दार बंद करून आत शेगडी ठेवणे जीवघेणे आहे: अर्धवट जळणाऱ्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता भरतो आणि झोपलेले माणूस उठत नाही. शेगडी झोपण्याआधी बाहेर काढलीच पाहिजे. विरळणी (घडातले जादा मणी काढणे) आणि डिपिंगसारखी घडाला हात लावायची कामे दव वाळल्याशिवाय करू नयेत. त्यामुळे लाटेच्या दिवसांत काम नऊ-साडेनऊच्या पुढे सुरू होते. काम एकरावर उक्ते घेतलेले असते, म्हणून सकाळचे गेलेले दोन तास मजुराच्याच अंगावर पडतात. काही बागाईतदार अशा दिवसांचा वेगळा दर आधीच ठरवून घेतात, आणि तीच रीत रास्त आहे.