अवयवफोड : परभाषीय शब्द (खानदेश)

परभाषेतून आलेला शब्द उच्चारासाठी आणि लेखनासाठी तुकड्यांत पाडण्याची पद्धत. एका स्वराच्या आधाराने उच्चारला जाणारा तुकडा म्हणजे अवयव. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत अनेक घरांत अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी चालते. त्यामुळे एकच शब्द इथे दोन तऱ्हांनी फुटतो.

लिहिलेले अक्षर आणि बोललेला अवयव एक नसतात, हे आधी पक्के करून घ्यावे. हनुवटीखाली तळहात धरून ‘भुसावळ जंक्शन’मधला ‘जंक्शन’ म्हणून पाहा. हनुवटी दोनदाच खाली येते : जंक्–शन. कागदावर मात्र अक्षरे तीन : जं, क्श, न. जोडाक्षरातला क् लिहिताना पुढच्या श ला चिकटतो, बोलताना तो मागचा तुकडा बंद करतो. ‘डॉक्टर’चेही तसेच. फारसीतून आलेला ‘रस्ता’ रस्–ता असा फुटतो, म्हणून वृत्तात त्यातला ‘र’ ऱ्हस्व असूनही गुरू धरतात.

जोडाक्षर जड वाटले की बोली मध्ये स्वर घालते : फॉर्मचा फारम, ग्लासचा गिलास. स्टेशनचे टेसन होताना स् सरळ गळतो.

खरी मौज प्रत्यय लागताना दिसते. अरबी मुळाचा ‘वकील’ म्हणजे व–कील. दुसरा अवयव ल् ने बंद होतो आणि ‘की’ दीर्घ लिहितात. प्रमाण मराठीत ‘वकिलाला’ झाले की फोड व–कि–ला–ला अशी होते. ल पुढच्या अवयवात जातो, ‘कि’ उघडा पडतो आणि वेलांटी ऱ्हस्व होते. जमीन–जमिनीत, गरीब–गरिबाला ही त्याच घरातली. अहिराणीत मात्र प्रत्यय थेट मूळ शब्दाला लागतो : वकीलले, जमीनमा, गरीबले. व–कील–ले म्हणताना ल् जागचा हलत नाही.

खानदेशातल्या मुलाच्या वहीत ‘वकीलाला’ दिसले, तर त्यामागे घरच्या बोलीचा कानही असू शकतो. नुसती लाल रेघ मारणे हा त्या कानावर अन्याय आहे. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून टाळ्या वाजवायला सांगावे. ‘वकीलले’ला तीन पडतात, ‘वकिलाला’ला चार, ल कुठे सरकला हे मग पोर स्वतःच बोट ठेवून दाखवते.